टर्बो बदलून दिला; पण आधीचा गेला कशाने, हे कोण सांगणार?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सरकारी आयटीआयमधून निवृत्त झालेला शिल्पनिदेशक. मोटार मेकॅनिक हा माझा ट्रेड. एकतीस वर्षं मुलांना इंजिन खोलायला आणि परत जोडायला शिकवलं. आता पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो. हे पत्र एका गाडीच्या टर्बोबद्दल, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या भागाबद्दल आहे. वाचकांच्या पत्रव्यवहारात याला जागा कशाला, असं वाटेल. पण आमच्या घरच्या एकाच गाडीला तीन महिन्यांत दोन नवे टर्बो बसले, त्यातला पहिला एकोणीस दिवस टिकला, आणि तो का टिकला नाही हे पैसे घेणाऱ्यांपैकी एकानेही शोधलं नाही. गाडीवर पोट असलेली माणसं आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गाडी पुतण्याची. २००९ सालची डिझेल जीप, अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, जुन्या पद्धतीचा पंप, मीटरवर दोन लाख चौदा हजार किलोमीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. जे झालं ते टर्बो असलेल्या कुठल्याही गाडीला होईल. माझ्या वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कराडला न्यावं लागतं. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. जाताना एसटी सोयीची आहे. पण डायलिसिस झालेल्या माणसाला परतीच्या गाडीसाठी स्टँडवर बसवून ठेवायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. आमच्या घरी ती जीप म्हणजे पुतण्याची हौस नाही.

दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी चिपळूणला गेला होता. परतताना पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाटाचा चढ लागला, आणि गाडीने दम सोडला. दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढेना. मला हेळवाकहून फोन आला.

“तात्या, गाडी वढंना झालीया. मागं एवढा धूर हाय की रस्ता दिसंना. अन् मघाधरनं शिट्टी वाजतीया.”

निळसर-पांढरा धूर, गेलेला पिकअप आणि शिट्टी. टर्बो गेलाय हे फोनवरच कळण्यासारखं होतं. मी त्याला म्हटलं, गाडी तिथेच बंद कर, ओढून आण. मी तेव्हा पुण्यात मुलीकडे होतो. त्याने गाडी ओढून एका गॅरेजला नेली, गॅरेजने अर्ध्या दिवसात जुना टर्बो काढून नवा टाकला, आणि मजुरी धरून चोवीस हजार घेतले. बिलावर एकच ओळ: टर्बो बदलला. काढलेला टर्बो परत दिला नाही, याने मागितलाही नाही.

एकोणीस दिवस आणि अकराशे चाळीस किलोमीटर. विसाव्या दिवशी वहिनींना घेऊन कराडला निघालेली गाडी मल्हारपेठेच्या अलीकडे धूर ओकत उभी राहिली. त्या दिवशी त्यांना एका ओळखीच्या टेंपोत पुढच्या सीटवर बसवून नेलं.

मी गावी आलो तो पुतण्या नव्या टर्बोची वॉरंटी मागायला निघाला होता. मीही बरोबर गेलो. टर्बो ज्या दुकानातून आला होता, तिथला दुकानदार भला माणूस. त्याने आमच्यासमोर टर्बो उघडला आणि आतला दांडा हातात दिला. बेअरिंग बसतं तिथे तो निळा-जांभळा पडला होता, तवा कोरडाच तापल्यावर पडतो तसा. “ऑइल मिळालं नाही. यात वॉरंटी बसत नाही.” डब्यातल्या कागदावर बारीक इंग्रजी अक्षरांत तसं छापलेलंही होतं. दुकानदाराचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण तोच कागद मराठीत असता, डबा फोडतानाच कुणी वाचला असता, तर पुतण्याचे चोवीस हजार वाचले असते.

ऑइल न मिळाल्याने टर्बो मरतो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. वर्गात मी आधी छताच्या पंख्याकडे बोट दाखवायचो. तो पूर्ण वेगात मिनिटाला साडेतीनशेएक फेरे घेतो. आपलं डिझेल इंजिन जीव तोडून पळवलं तर चार हजार. टर्बोचा दांडा मात्र मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, छोट्या गाड्यांत त्याहूनही जास्त. दीड लाख म्हणजे सेकंदाला अडीच हजार फेरे. दांड्याच्या एका टोकाला टर्बाइनचं चाक, ते सायलेन्सरकडे जाणाऱ्या सहा-सातशे अंश तापलेल्या वायूवर फिरतं. दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचं चाक, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरची, १९०५ सालच्या पेटंटमधली. मला ती आजही थोर वाटते. एवढ्या वेगाला साधं बॉल बेअरिंग कुठून पुरणार? म्हणून बहुतेक गाड्यांत दांडा पितळी बुशमध्ये, केसाहून पातळ अशा ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही. तो थर तुटला की काही सेकंदांचा खेळ.

हे ऑइल इंजिनातून एका बारीक पाइपने टर्बोच्या डोक्यावर येतं आणि खालच्या जाड पाइपने, स्वतःच्या वजनाने, परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत पडतं. बारीक पाइप तुंबला तर टर्बो कोरडा पडतो. जाड पाइप तुंबला तर ऑइल आत साठतं आणि सीलमधून हवेच्या किंवा धुराच्या वाटेला लागतं. टर्बोचं सील रबराचं नसतं, बारीक लोखंडी रिंगा असतात. त्या ऑइल अडवतात ते खालची वाट मोकळी असेल तरच. इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी नळी, तुंबून चेंबरमध्ये दाब वाढला तरी तेच होतं. त्यामुळे धूर दिसला की टर्बो दोषी, असं धरून चालत नाही. कधी कधी टर्बो ठणठणीत असतो आणि बिचारा उगाच बदलला जातो.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता ही गाडी गॅरेजला जाणार नाही. काम दारात होईल, पुतण्याच्या हाताने होईल, मी शेजारी खुर्ची टाकून बसेन. माझे गुडघे आता गाडीखाली जाण्यासारखे नाहीत.

शनिवारच्या कामासाठी गुरुवारी रात्रीच मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळीच्या) आणि सायलेन्सरच्या नटांवर गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवलं, शुक्रवारी पुन्हा मारलं. पंधरा वर्षं तापून-निवून ते नट स्टडशी, म्हणजे ज्या आटेदार खिळीवर ते बसतात तिच्याशी, एकजीव झालेले असतात. घाईने पाना मारला की स्टड तुटतो. शनिवारी सकाळी थंड गाडीचं बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं, चेंबरचं जुनं ऑइल घमेल्यात उतरवलं. ते ऑइल पाहूनच मी पुतण्याला हाक मारली. बोटांत धरलं तर चिकट गूळ-पाण्यासारखं, काळंकुट्ट. “हे कधी बदललंस?” तो आठवून म्हणाला, गेल्या शिमग्याला. मीटर पाहिलं तर अठरा हजार किलोमीटर झाले होते. गाडीला दहा हजारांची मुदत. आणि गॅरेजने नवा टर्बो बसवला तेव्हा हे ऑइल तसंच ठेवलं होतं. त्यात पहिल्या मेलेल्या टर्बोच्या बुशांचा पितळी चुरासुद्धा असणार, आणि तोच नव्या टर्बोला पाजला गेला.

हवेचा पाइप निघाला, इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाकडे, जाणारा पाइप निघाला. त्यात अर्धा कप ऑइल. मग वरचा तो बारीक पाइप. मी पुतण्याला म्हटलं, फुंक. त्याने गाल फुगवून फुंकलं, हवा पलीकडे गेली नाही. सायकलच्या ब्रेकची तार घातली, ती चार बोटांवर अडली. मी त्याला तो पाइप हॅकसॉने उभा चिरायला लावला. आतलं भोक सुई जाईल एवढं राहिलं होतं; बाकी सगळा दगडासारखा कोळसा. तो पाइप मी जपून ठेवलाय.

हा कोळसा येतो कुठून, तेही आम्हाला तिथेच बसून उमगलं. पुतण्याची वर्षानुवर्षांची सवय: घाट चढून आला की हेळवाकला चहाला थांबायचं, आणि थांबल्या थांबल्या चावी बंद. चढावर टर्बो लालबुंद तापलेला असतो. इंजिन बंद झालं की ऑइलचा पुरवठा थांबतो, पण उष्णता थांबत नाही. पाइपात अडकलेलं ऑइल जागच्या जागी करपतं. एकदा करपलं तर कणभर; पंधरा वर्षं करपत राहिलं तर असा पाइप. दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवलं असतं तर टर्बो निवला असता. मी शिल्पनिदेशक, हे मी हजार मुलांना शिकवलं, आणि घरच्या पोराला कधी सांगितलं नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी इथे मान्य करतो. पण ज्याने पहिला टर्बो बसवला, त्याने या पाइपात एकदा फुंकून पाहिलं असतं, तर मिनिटभरात सगळं समोर आलं असतं. त्याने जुनाच पाइप लावला. खालच्या ड्रेन पाइपला पॅकिंगऐवजी सिलिकॉन फासलं होतं, आणि त्याची पिळवटलेली शेपटी पाइपाच्या आत लोंबत होती. ती तुटून वाट अडवते. टर्बोच्या ऑइलच्या वाटेवर सिलिकॉन कधीही लावायचं नसतं. तिथे कागदी किंवा पत्र्याचं पॅकिंग आणि तांब्याचे वायसर असतात, आणि तेही दर वेळी नवे.

मॅनिफोल्डचे तीन नट सरळ सुटले. चौथ्याचा स्टड तुटला, आणि तोही आत, डोकं दिसेल न दिसेल एवढा. पुतण्या डोक्याला हात लावून बसला. शेजारच्या वाडीत ग्रिलची कामं करणारा वेल्डर आहे. तो संध्याकाळी मशीन घेऊन आला. आधी अल्टरनेटरच्या वायरी काढल्या. त्याने तुटक्या स्टडवर नट ठेवला, नटाच्या पोटातून वेल्ड भरला, आणि तो लालसर असतानाच पाना लावला. दुसऱ्या प्रयत्नात स्टड फिरला. त्याने दोनशे रुपये घेतले. त्या सफाईबद्दल दोन हजार मागितले असते तरी मी दिले असते.

रविवारी चेंबर खोलला. ऑइल ओढणाऱ्या जाळीवर मळी बसली होती. डिझेलने धुतली. इंटरकूलर काढून डिझेलने तीनदा खळबळला आणि उन्हात उलटा टांगून ठेवला. हे काम टाळू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. इंटरकूलरमध्ये ऑइल राहिलं आणि गाडी जोरात रेस केली, तर डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढायला लागतं. मग चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, उलट वेग वाढत जातो. असं कधी झालंच तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून बंद पाडायचं. किंवा हवेच्या तोंडावर जाड फळी धरायची. हात किंवा फडकं कधीही नाही.

नवा टर्बो सोळा हजार आठशेचा, नवा ऑइल पाइप, सगळी पॅकिंग, वायसर, चार स्टड, ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर. सगळं मिळून बावीस हजारांच्या आत. टर्बो डब्यातून काढल्यावर पुतण्याने तो अ‍ॅक्चुएटरच्या दांडीला धरून उचलला. मी ओरडलोच. ती दांडी म्हणजे मूठ नव्हे. कारखान्यातून ती मोजून बसवलेली असते. ती वाकली की हवेचा दाब चुकतो. मग त्याला कॉम्प्रेसरचं चाक बोटाने हलवून पाहायला सांगितलं. कोरड्या टर्बोत दांडा आडवा किंचित हलतो, घाबरायचं कारण नाही. पुढे-मागे हलता कामा नये, आणि चाक घराला घासता कामा नये. काढलेल्या टर्बोचं चाक घासत होतं, तेही हातात दिलं. दोन्ही एकदा हाताला कळले की माणूस पुन्हा फसत नाही.

जोडताना पत्रे आणि तोंडं स्वच्छ पुसली, उघड्या तोंडांत फडकी कोंबून ठेवली आणि बसवताना ती मोजून काढली. एक नट किंवा पॅकिंगचा तुकडा आत पडला तर नवं चाक पहिल्याच मिनिटाला गेलं. नट किती जोराने आवळायचे, हा आकडा मात्र माझ्याकडे नव्हता. माझा एक जुना विद्यार्थी मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, त्याला फोन करून मिळवला. आकडा गाडीगणिक वेगळा असतो म्हणून इथे देत नाही. पण ज्याला असा विद्यार्थी नाही, त्याने हा आकडा कुठून आणायचा?

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. टर्बो बसला, ऑइल भरलं, म्हणून चावी फिरवायची नाही. नव्या पाइपात हवा असते. इंजिन लगेच सुरू झालं तर ऑइल पोचेपर्यंत दांडा कोरडा फिरतो, आणि बावीस हजार रुपये तेवढ्या वेळात जळतात. आम्ही आधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतलं आणि चाक बोटाने फिरवत राहिलो. मग वरचा पाइप जोडला, खालचा ड्रेन पाइप सुटा ठेवला, त्याच्याखाली वहिनींचं स्टीलचं पातेलं. पंपावरच्या सोलेनॉइडची वायर काढली, म्हणजे डिझेल बंद. बॅटरी जोडली. पुतण्याने दहा-दहा सेकंद स्टार्टर मारायचा आणि मिनिटभर थांबायचं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा पातेल्यात टप्पकन एक थेंब पडला, मग दोन, मग बारीक धार लागली. वहिनी पायरीवर बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “आलं का तेल?” आलं होतं.

जुन्या पंपाच्या गाडीला वायर काढणं पुरतं. कॉमन रेलच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या इंजेक्टरच्या नव्या पद्धतीच्या गाडीला चावी बंद करून, इंजिन थंड असताना इंजेक्टरचे कनेक्टर काढावे लागतात. तिथे डिझेलचे पाइप मात्र कुणीही सैल करू नये. त्यांत हजार-सोळाशे बारचा दाब असतो, सुईसारखी धार कातडी फोडून आत जाते. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या, ज्यांच्या टर्बोवर इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्चुएटर असतो आणि नव्या टर्बोची ओळख स्कॅनरने इंजिनाच्या कॉम्प्युटरला करून द्यावी लागते, त्या दारात खोलू नयेत. वॉरंटीतली गाडीही खोलू नये. हे मी घरी काम करण्याच्या बाजूचा माणूस असूनही सांगतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून जाऊ नये, खाली घोड्या लावाव्यात, चाकाला दगड लावावा.

ड्रेन पाइप जोडला, वायर जोडली, आणि रविवारी संध्याकाळी सव्वासहाला इंजिन सुरू केलं. पाच मिनिटं रेस न करता नुसतं चालू ठेवलं. सायलेन्सरमध्ये उरलेलं जुनं ऑइल जळून थोडा धूर येत राहिला, मग थांबला. ऑइलची टोपी काढून पाहिली, फुंकर नव्हती, म्हणजे इंजिनाचे रिंग अजून शाबूत. मंगळवारी वहिनींना कराडला नेलं. आता त्याला साडेचार हजार किलोमीटर झाले. मध्ये दोन हजारांवर मी पुन्हा एकदा ऑइल बदलायला लावलं, आतली उरलीसुरली मळी निघावी म्हणून.

जुन्या ऑइलबद्दल एक. ते घमेलं कुठे रिकामं करायचं, असं पुतण्याने विचारलं आणि ओढ्याकडे बघितलं. आमच्या ओढ्याचं पाणी कोयनेला जातं आणि कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथलं पाणी किती गावं पितात! जळकं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. मी ते कॅनमध्ये भरून ठेवलंय. पण ते द्यायचं कुठे, याची तालुक्याच्या ठिकाणी सोय हवी. गॅरेजांची पिंपं उचलणारे येतात, दारात गाडी दुरुस्त करणाऱ्याकडे कुणी येत नाही.

आता माझी मागणी. ती मोठी नाही. टर्बो बदलणाऱ्या प्रत्येक गॅरेजने बिलावर एक ओळ जास्त लिहावी: जुना टर्बो कशाने गेला. ऑइलची पाइपलाइन तपासली का, बदलली का. ऑइल आणि फिल्टर बदलले का. इंटरकूलर धुतला का. आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. ज्या मिस्त्रीला ही ओळ लिहायची आहे, त्याला पाइपात फुंकून पाहावंच लागेल. गिऱ्हाइकांनीही ती ओळ मागून घ्यावी. पुतण्याने ती मागितली असती, तर गॅरेजवाल्याला उत्तर शोधायला लागलं असतं.

दुसरं, टर्बो विकणाऱ्या कंपन्यांनी डब्यात एक पान मराठीत घालावं. वॉरंटी कशात मिळत नाही, हे तर घालाच. पण टर्बो बसवण्यापूर्वी काय पाहायचं आणि बसवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हेही घाला. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात घेतली आहेत. मला त्याचा फार आनंद झाला होता. पुढचं पाऊल म्हणून नट आवळायचा आकडा, ऑइलचा ग्रेड, भागाचा नंबर एवढी माहिती मराठीत, विद्यार्थी ओळखीचा नसलेल्या माणसालाही मिळावी.

तिसरी विनंती आयटीआयना, म्हणजे माझ्याच घराला. महिन्यातला एक रविवार वर्कशॉप उघडं ठेवा. गाडीवाल्यांना येऊ द्या, त्यांची गाडी दुरुस्त करायला नव्हे, तर काय विचारायचं ते शिकायला. मेलेला टर्बो आणि चांगला टर्बो, दोन्ही त्यांच्या हातात द्या. तासाभरात कळतं. निवृत्त निदेशक मानधनाशिवाय येतील. मी तर येईनच.

हे सगळं एका पानात मी लिहून काढलंय. सोपं मराठी, पुतण्याला वाचून दाखवून दुरुस्त केलेलं. आपण छापणार असाल तर पाठवतो. चिरलेला पाइप आणि निळा पडलेला दांडा दोन्ही माझ्या जुन्या आयटीआयला देणार आहे. नव्या बॅचच्या पोरांनी त्या पाइपात एकदा फुंकून पाहावं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
ता. पाटण, जि. सातारा